डावा हात खिशात

अण्णा,

काल आपल्या राजेंद्र नगरच्या घरी लाइटवाला आला होता. सकाळपासून स्वयंपाकघरातला दिवा लागत नव्हता, मिक्सर फिरत नव्हता आणि फ्रिज गप्प होता. चाळिशीतला माणूस, कमरेच्या पट्ट्यात पकड आणि पेचकस, हातात आकडे दाखवणारा पिवळा मीटर. त्यानं बोर्ड उघडला, मीटरची दोन टोकं दोन तारांना लावली, शून्य आलं, आणि तो म्हणाला, "मैडम, लाइन तो मरी पड़ी है. पीछे से ही नहीं आ रही." एवढं बोलून त्यानं तारेला हात घालायला बोटं पुढे केली. मी चहाचा कप घेऊन दारात उभी होते. माझ्या तोंडून निघालं, "कहाँ से कहाँ तक?"

तो थांबला. "क्या मैडम?"

"तुमने दो तारों के बीच नापा. दोनों में फर्क नहीं है, बस इतना पता चला. अर्थ से नापो."

माझं मन राखायला असेल, त्यानं एक टोक अर्थच्या तारेवर ठेवलं आणि दुसरं फेजवर. दोनशे अठ्ठावीस. मग न्यूट्रलवर. पुन्हा दोनशे अठ्ठावीस. तो एक पाऊल मागे सरकला. "अरे भिया, दोनों में आ रही है. न्यूट्रल टूटा पड़ा है पीछे." घाबरल्यावर मीसुद्धा त्याची भिया, म्हणजे भाऊ, झाले. मग जरा सावरून हसला आणि म्हणाला, "आप लाइन में थीं क्या?"

"मेरे पिताजी थे."

तो काम करून गेला, फ्रिज पुन्हा घरघरू लागला, आणि मी तिथंच स्टुलावर बसून राहिले. "कुठून कुठवर?" हा तुमचा प्रश्न. कोर्टात आणि स्टेजवर मी आयुष्यभर लोकांना प्रश्नच विचारत आले, पण हा एक विचारायचा मी टाळत होते. काल तो आपणहून बाहेर आला, आणि आला तो तुमच्या आवाजात.

रविवारी तुकोगंजमधल्या एका हॉलमध्ये माझा सत्कार आहे. ठेकेदारीवर राबणाऱ्या पोरांनी एक संघटना केली आहे, त्यांच्या केसेस मी लढते, म्हणून. त्यांच्यातल्या एकाचा परवा फोन आला. "दीदी, स्टेज के पीछे बड़ा बैनर रहेगा. उस पे आपकी वही लाइन, हाथ बाहर निकालो. और दीदी, बोलनी भी पड़ेगी. पब्लिक उसी के लिए आएगी." मी ठीक है म्हटलं. आता ती ओळ बोलायची की नाही, हे मला ठरवायचं आहे, आणि ते तुमच्याशी बोलल्याशिवाय ठरत नाही. कारण ती ओळ तुमच्यावर होती.

पण आधी स्वयंपाकघर. मी दहा वर्षांची आहे. मिलच्या क्वार्टरमधली आपली ती एका खिडकीची खोली, ओट्याच्या वर लाकडी बोर्ड, त्यावर काळी गोल बटणं. आई पोळ्या लाटते आहे आणि बल्ब जातो. "अहो, बघा ना जरा. पोळ्या ठंड्या होतायत." तुम्ही नुकतेच पहिल्या पाळीवरून आलेले, शर्टाला तेलाचा वास. तुम्ही तुमचा दिवा काढता. होल्डरमध्ये बसवलेला एक बल्ब आणि त्यातून निघालेल्या दोन तारा, टोकं सोललेली. साऱ्या मिलमधली वीज तुम्ही त्या दिव्यानं तपासायचे. त्या दिवशी पहिल्यांदा तो तुम्ही माझ्या हातात देता. मी प्लगच्या दोन भोकांत दोन टोकं घालते. दिवा लागत नाही. "मेली," मी म्हणते. मिलच्या वायरमनची मुलगी मी, मला कळणार नाही तर कुणाला. आणि उघड्या बोर्डातल्या तारेकडे बोट नेते.

तुम्ही माझं मनगट इतक्या जोरात धरता की दोन बांगड्या फुटतात. तुम्ही माझ्यावर आवाज चढवल्याची तेवढी एकच आठवण माझ्याकडे आहे. "मेली म्हणायचा हक्क तुला कुणी दिला?"

मग तुम्ही दिव्याचं एक टोक नळाच्या लोखंडी पाइपाला अडकवता आणि दुसरं पहिल्या तारेला लावता. दिवा लख्ख लागतो. तेच टोक दुसऱ्या तारेवर नेता. दिवा पुन्हा लागतो, या खेपेला मंद, लालसर. मी बघत राहते. तुम्ही खाली उकिडवे बसता आणि मला समजावता की खांबाकडची न्यूट्रलची तार तुटली आहे, बाहेरच्या खोलीतल्या बल्बचं बटण चालू राहिलं आहे, त्या बल्बमधून वीज आली आणि परतीची वाट न सापडल्यानं या दुसऱ्या तारेतही चढून बसली आहे. "दोघी माडीवर बसल्यात. दोघींच्या मधे दिवा धरलास तर तो कसा लागणार? दोघी माडीवर आहेत की दोघी जमिनीवर, हे त्या दोघींना विचारून कळत नाही बेटा. तिसऱ्या ठिकाणाहून बघावं लागतं. व्होल्टेज एका जागेचं नसतं. दोन जागांचं असतं. कुणी म्हटलं इथं इतकं आहे, की विचारायचं, कुठून कुठवर?"

"शिकवणी झाली असेल तर बल्ब लावा," आई म्हणते, "आणि पोरीचा हात बघा, खून आलंय." तुम्ही माझ्या मनगटावर हळद दाबून धरता. तुमचा डावा हात तेव्हा खिशाबाहेर आलेला मला दिसतो, कारण त्याआधी सबंध वेळ तो पँटच्या खिशात होता. मी विचारते, तो तिथं का ठेवता. तुम्ही सांगता की दोन्ही हात मधे आले तर विजेचा रस्ता छातीतून जातो. एक हात खिशात असला की तो रस्ताच बंद. "बत्तीस वर्षं लाइनवर काढलेल्या उस्तादानं मला पहिल्या दिवशी हेच शिकवलं. आधी हात खिशात, मग बाकीचं." दुसऱ्या दिवसापासून मी आईच्या मागे लागले की माझ्या फ्रॉकला डाव्या बाजूला खिसा हवा. तिनं तुमच्या जुन्या शर्टाचं कापड लावून तो शिवून दिला. शाळेत मुली हसायच्या. मी डावा हात खिशात घालून कविता म्हणायची.

तुमचा तो प्रश्न मग घरात सगळीकडे शिरला. मी म्हणायची, "अण्णा, आई रागावलीय." तुम्ही म्हणायचे, "कुठून कुठवर?" आणि आई आतून सांगायची, "बाजारातून आलात तिथून, डाळ विसरलात हे आठवेल तिथवर." खंडेनवमीला मिलमध्ये यंत्रांची पूजा असायची, त्या दिवशी घरच्यांना आत सोडत. तुमच्या स्विचरूमला मी मंदिरच समजत होते. काळ्या दगडी पाट्या, त्यांवर तांब्याच्या पट्ट्या, प्रत्येक स्विचवर झेंडूची माळ, आणि तुमचे जोडीदार काका, मिशीला पीळ देत पेढे वाटणारे. तिथं एकदा इंजिनिअर साहेब आले आणि त्यांनी विचारलं, "मिस्त्रीजी, कितना आ रहा है?" तुम्ही तितक्याच अदबीनं विचारलंत, "कहाँ से कहाँ तक, साहब?" काका मला डोळा मारून म्हणाले, "बिटिया, उस्ताद से सीधा जवाब चइये तो दो जगह का नाम बताना पड़ता है." तुमची वही तिथं टेबलावर होती. इतरांच्या वहीत आकड्यांचा एकच रकाना असायचा. तुमच्या वहीत आकड्याच्या आधी दोन रकाने, पासून आणि पर्यंत, बाळबोध अक्षरात, एकही जागा मोकळी नाही.

मी कॉलेजात गेले आणि बोलू लागले. वादविवाद, वक्तृत्व, जिथं माइक दिसेल तिथं. हाती येईल ते वाचत होते, इतिहास, अर्थशास्त्र, क्रांत्यांची पुस्तकं, कापडाच्या धंद्याचे अहवाल. तुम्ही स्पर्धांना यायचे, हॉलच्या मागच्या भिंतीला टेकून उभे राहायचे आणि निकालाआधी निघून जायचे, कारण दुसरी पाळी असायची. एकदा ढाल घेऊन घरी आले तेव्हा तुम्ही म्हणालात, "छान बोललीस. पण सगळं एकाच उंचीवरून बोलतेस. सुरुवातही तिथंच, शेवटही तिथंच. मग वाहणार कसं?" मी चिडले. मला वाटलं, वायरमनला भाषणातलं काय कळतं. ते मी बोलले नाही, पण चेहऱ्यावर आलं असेल, कारण तुम्ही लगेच ढाल कुठं टांगायची ते आईला विचारू लागलात.

मग मिल बंद पडली. एका दिवसात पडली नाही. आधी तिसरी पाळी गेली, मग धाग्याचा माल यायचा थांबला, मग भोंगा सकाळी एकदाच वाजू लागला, आणि एके दिवशी वाजलाच नाही. शहरभर घड्याळं असून लोकांना वेळ कळेना. दिल्लीत नवं आर्थिक धोरण आलं होतं, वर्तमानपत्रं रोज सांगत होती की दारं उघडली आहेत, आणि आमच्या दाराला बाहेरून साखळी होती. मी त्या काळात गेटवर जे बोलले त्यातलं बहुतेक आजही शब्द न बदलता बोलेन. ज्या माणसांनी तीन पिढ्या सूत कातलं, त्यांना एका कागदावर अकुशल म्हणून लिहिण्याचा हक्क कुणालाही नव्हता. बाजार उघडला असेल, तर तो कुणासाठी उघडला आणि कुणावर बंद झाला, हे विचारणं हा देशद्रोह नव्हता. यंत्रं भंगारात आणि जमीन नकाशात गेली, आणि आज तिथल्या दुकानांच्या थंडगार काचांपुढे आमचीच नातवंडं पहारेकरी म्हणून उभी आहेत. माझा राग खरा होता अण्णा. तो मी तुमच्यापुढेही मागे घेत नाही.

मागे घ्यायचं आहे ते दुसरं. मिलच्या ऑफिसनं सगळ्यांना बाहेर काढलं आणि चार-पाच माणसं आत ठेवली, स्विचरूम आणि पंप सांभाळायला. त्यात तुम्ही आणि काका. कामगारांच्या समितीनं ठरवलं की आत कुणीच जायचं नाही, कारण आत जाणाऱ्यांच्या आडून यंत्रं बाहेर काढली जातील. इतर थांबले. तुम्ही दोघं जात राहिलात. रोज दुपारी, लहान फाटकातून, उजव्या हातात डबा, डावा हात खिशात. मी घरी विचारलं, "का जाता अण्णा?"

"काम आहे."

"कुणाचं काम?"

तुम्ही बशीत चहा ओतलात आणि फुंकर घालत राहिलात. "सांगण्यासारखं होईल तेव्हा सांगेन."

"लोक मला विचारतात. मी काय सांगू?"

"सांग, माहीत नाही. खरंच आहे ते."

आई मधे पडली, "तिला तोंड दाखवायला जागा राहू दे ना हो." तुम्ही तिच्याकडे बघितलंत, माझ्याकडे बघितलंत आणि कप धुवायला उठलात. मला तेव्हा वाटलं, या माणसात आता काही उरलं नाही. मेली आहे लाइन. फुटलेल्या बांगड्यांची खूण मनगटावर होती, तरी मला तसं वाटलं.

त्या दिवशी पाच वाजता सभा होती. गेटसमोर मंडप, खाली सतरंज्या, त्यांवर बसलेली सारी क्वार्टर्स. माझ्याआधी तिघं बोलून गेले होते आणि लोक कंटाळले होते, बाया पोरांना घेऊन उठू लागल्या होत्या. मी माइक हातात घेतला. आवाज स्वच्छ येत होता, त्या मंडपात इतका स्वच्छ आवाज याआधी कधी आला नव्हता, हे तेव्हाही जाणवलं होतं. मी पाच मिनिटं बोलले असेन, आणि मंडपाच्या पलीकडून तुम्ही येताना दिसलात. दुपारी तुम्ही बाहेर आला होता आणि आता परत आत निघाला होता. उजव्या हातात डबा. डावा हात खिशात. लोकांच्या माना तिकडे वळल्या. आणि मला वाक्य सुचलं.

"जो लोग जेब में हाथ डालकर अंदर जा रहे हैं, वो हाथ बाहर निकालें. ज़रा शहर भी देखे, जेब में क्या है."

टाळ्या कडकडल्या. उठलेल्या बाया खाली बसल्या. मागून कुणीतरी ओरडलं, "हाथ बाहर निकालो," आणि सगळा मंडप तेच म्हणू लागला. तुम्ही थांबला नाहीत. लहान फाटकाशी पोचलात, वाकलात, आणि वाकताना तुमचा डावा हात खिशातून बाहेर आला. रिकामा. उघडा. तुम्ही तो फाटकाला लावलात आणि आत गेलात.

लोकांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. तो हात खिशात का असतो हे त्या सबंध मंडपात मला एकटीला माहीत होतं. माझ्या फ्रॉकला त्यासाठी खिसा शिवलेला होता. तरी मी बोलले, कारण वाक्य चांगलं होतं आणि बाया उठत होत्या. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की लढ्याच्या भरात बोलून गेले. भर वगैरे काही नव्हता. विचार करायला पुरेसा वेळ होता. तुम्ही मंडपाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलात, तेवढा.

घरी आल्यावर तुम्ही हातपाय धुवून पाटावर बसलात. आईनं ताटं वाढली. तुम्ही मला म्हणालात, "आवाज छान येत होता आज," आणि भाकरी मोडलीत. मला तो टोमणा वाटला. मी जेवण टाकून उठले.

त्यानंतर तुम्ही डबा डाव्या हातात धरू लागलात आणि उजव्या हातात उगाच छत्री, ऊन असो नसो. दोन्ही हात लोकांना दिसतील असे. कोपऱ्यावरची पोरं तरी म्हणायचीच, "मिस्त्रीजी, दूसरी जेब में है क्या?" आणि तुम्ही मान हलवून हसायचे. महिना गेला असेल. एक दिवस तुम्ही डाव्या हाताच्या दोन बोटांना चिंधी गुंडाळून घरी आलात. "चहाचं पातेलं," तुम्ही आईला सांगितलंत. "इतके कसे हो धांधरट," ती म्हणाली आणि लोणी शोधू लागली. चिंधी सोडली तेव्हा मी जवळच होते. पातेल्यानं भाजलं की कातडी लाल होते, फोड येतो. तुमच्या बोटांवर दोन पांढरे, खोल, कडा करपलेले ठिपके होते. मी बी.एस्सी. करत होते, विषय पदार्थविज्ञान. मला कळलं की ते विजेचे चटके होते, आणि स्विचरूममध्ये तुमचा डावा हात खिशाबाहेर होता. मी विचारलं नाही. तुमच्याकडून हे शिकलेली मी, मी कुठून कुठवर हे विचारलं नाही.

पुढची वर्षं आपण चांगले राहिलो, हेही लिहायला हवं. मी वकील झाले, क्वार्टर सुटलं, आपण या घरी आलो. माझ्या पहिल्या ऑफिसला तुम्ही भेट म्हणून तुमच्या तपासायच्या दिव्यासारखाच एक दिवा बनवून आणलात. नवा होल्डर, नवा बल्ब, आणि दोन तारांपैकी एक भलतीच लांब, गुंडाळी करून ठेवावी लागेल इतकी. माझ्या अशिलांपुढे मला जरा लाजच वाटली. मी विचारलं, "एवढी लांब कशाला?" तुम्ही म्हणालात, "दुसरं टोक कुठंवरही पोचायला हवं ना." डाव्या हाताची ती दोन बोटं तुम्हाला नीट मिटता येत नव्हती. त्या बोटांनी तुम्ही गुंडाळीला गाठ मारत होता, तिसऱ्या प्रयत्नात ती बसली.

तुम्ही गेलात त्याला आता एकोणीस वर्षं झाली. तेराव्याला काका आले, मिशा पांढऱ्या, पीळ गेलेला. जेवण झाल्यावर त्यांनी पिशवीतून तुमची वही काढली. स्विचरूमला शेवटचं कुलूप लागलं तेव्हा ती त्यांनी उचलून आणली होती आणि द्यायची की नाही या विचारात ठेवून दिली होती. "बिटिया, अब उस्ताद नहीं हैं तो बता देता हूँ. आफिस ने बोला था, क्वार्टर की लाइन काट दो, लोग अपने आप खाली कर देंगे. उस्ताद ने कागज पे काट दी. और आग वाले पंप की लाइन से चुपचाप जोड़ दी. पानी की मोटर भी उसी पे. रोज जाके देखना पड़ता था, नहीं तो फ्यूज उड़ता और आफिस को खबर लगती."

मी विचारलं, मला का सांगितलं नाही.

काका हसले. "मैंने भी बोला था उनसे. वो बोले, उसको बताऊँगा तो कल माइक पे होगा."

खरं होतं ते. दुसऱ्या दिवशी माइकवर गेलं असतं, तिसऱ्या दिवशी लाइन कापली गेली असती. चारशे घरांत दिवे आणि पाणी होतं, कारण तुम्ही तुमच्या मुलीला ओळखून होता.

मी वही उघडली. सभेच्या दिवसाचं पान शोधायला वेळ लागला नाही. पासून: गेटच्या मंडपाचा फेज. पर्यंत: मंडपाचा न्यूट्रल. एकशे चौऱ्याऐंशी. त्याखाली तुमच्या अक्षरात, "एवढ्यावर माइक घरघरतो. मंडप लाल फेजवरून काढून निळ्यावर घेतला." आणि पुन्हा पासून, पर्यंत. दोनशे एकवीस. वेळ, दुपारी साडेतीन. मंडपाची तार क्वार्टर्सच्या पहिल्या घरातून ओढलेली होती, म्हणजे तुमच्याच लाइनवर. तुम्ही दुपारी बाहेर आला होता ते यासाठी. रिकाम्या मंडपात उभे राहून मोजून बघायला, की आज हिचा आवाज नीट येईल ना. जेवताना तुम्ही टोमणा मारला नव्हता. काम झालं की नाही ते तपासत होता.

अण्णा, हे कळल्यावर मी ती ओळ सोडायला हवी होती. सोडली नाही. एकोणीस वर्षं मी ती म्हणत आले, दुसऱ्या मिलच्या गेटवर, भरतीच्या मोर्चात, वस्ती तोडायला आलेल्या गाड्यांपुढे. लोक ती मागायचे. ती कुठंही चालायची, लाचखाऊ बाबूवर, ठेकेदारावर, मंत्र्यावर. मी स्वतःला समजावलं की आता ती तुमच्यावर राहिली नाही. पण ती जिथून निघाली ती जागा मला माहीत होती, आणि ती मी कुणाला सांगितली नाही. पर्यंतचा रकाना दर खेपेला नवा भरला. पासूनचा कोरा ठेवला.

आज सकाळी मी त्या पोराला फोन केला. म्हटलं, बॅनरवरची ती ओळ काढा. तो म्हणाला, "दीदी, छप गया. बारह फीट का है."

"मग उलटा लावा."

"उलटा? पीछे तो कोरा है, दीदी."

"कोराच राहू द्या. तिथं काय लिहायचं ते मी बोलेन."

त्यानं विचारलं, "दीदी, आप ठीक हो ना?" मी म्हटलं, घरची लाइट गेली होती, आता आली आहे.

हे पत्र मी तुमच्या वहीत, त्या पानाशी ठेवते आहे. रविवारचं भाषण दुपारी लिहून काढलं. त्यात हात का खिशात होता ते आहे, फाटकाशी तो बाहेर आला ते आहे, दोन पांढरे ठिपके आहेत. शेवटी लिहिलं होतं की ज्या माणसाला मी हात बाहेर काढायला लावला, त्याच्याच लाइनवर माझा माइक चालत होता. ते वाक्य लिहून पूर्ण होण्याआधीच मला हॉलमधली टाळी ऐकू आली. मग मी ते खोडलं आणि साधं करून लिहिलं की माझ्या वडिलांवर मी खोटा आळ घेतला, आणि तो खोटा आहे हे मला तेव्हाच ठाऊक होतं.

तिथंही ऐकू आली, अण्णा.